ऑस्ट्रेलियातली वाफेची इंजिनं: कुठली बघायची, आणि इतकी सगळी नुसती उभी का

तुमचे प्रश्न तीन आहेत त्यामुळं उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. एक, डिसेंबर-जानेवारीत लेकीकडं मेलबर्नला येताय तर वाफेच्या इंजिनांची कुठली म्युझियम्स बघायची. दोन, व्हिडिओत बहुतेक इंजिनं नुसती रंगवून उभी केलेली दिसतात, ती चालवत का नाहीत, पैसा नाही की हौस नाही. आणि तीन, तुम्ही स्वतः लोको शेडमध्ये नोकरी केलेली, तर इथं हात लावायला मिळेल का. मी परळ वर्कशॉपला बॉयलरच्या कामात शिकलो, आता बरीच वर्षं मेलबर्नला आहे आणि शनिवार-रविवार इथल्या जुन्या इंजिनांच्या खाली असतो, म्हणून सांगतो ते जरा फिटरच्या नजरेनं सांगतो, टूरिस्टच्या नाही.

आधी गेज (दोन रुळांमधलं अंतर) डोक्यात बसवा, नाहीतर कुठलं इंजिन कुठं आणि का उभं आहे ते कळणारच नाही. आपल्याकडं गेज तीन-चार असले तरी ब्रॉड म्हणजे मुंबईपासून हावड्यापर्यंत १६७६ मिमीच. इथं वसाहती वेगळ्या, प्रत्येकीचा कारभार वेगळा. १८५० मध्ये सिडनीच्या रेल्वे कंपनीच्या आयरिश इंजिनिअरनं ५ फूट ३ इंच म्हणजे १६०० मिमी सुचवलं, शेजारच्यांनी ते मान्य केलं, मग हा गडी नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी आलेल्या स्कॉटिश इंजिनिअरनं १४३५ चा, म्हणजे आजच्या स्टँडर्ड गेजचा, हट्ट धरला. न्यू साउथ वेल्स फिरलं, पण व्हिक्टोरियानं तोवर १६०० च्या मापाची ऑर्डर देऊन टाकली होती, ती काही फिरेना. क्वीन्सलँडनं १८६५ ला डोंगर आणि खर्च बघून १०६७ घेतलं, पश्चिम ऑस्ट्रेलियानंही तेच. परिणाम असा की सिडनी-मेलबर्न जाणाऱ्याला अल्बरीला उतरून फलाटापलीकडची दुसरी गाडी धरावी लागायची, ते थेट १९६२ पर्यंत. म्हणून इथं प्रत्येक राज्याचं स्वतःचं म्युझियम आहे आणि सिडनीचं इंजिन मेलबर्नच्या जुन्या रुळावर चालूच शकत नाही.

मेलबर्नला आहात तर पहिलं न्यूपोर्टचं रेल्वे म्युझियम. नॉर्थ विल्यम्सटाउन स्टेशनला उतरून चालत जाता येतं, स्वयंसेवक चालवतात त्यामुळं रोज उघडं नसतं, वार-वेळ बघून जा. तिथं एच २२० हे इंजिन आहे, सगळे हेवी हॅरी म्हणतात. शेजारच्याच न्यूपोर्ट वर्कशॉपमध्ये १९४१ ला बांधलेलं, ४-८-४ (पुढं चार, मध्ये ओढणारी आठ, मागं चार चाकं), तीन सिलिंडर, टेंडरसकट २६० टनांच्या आसपास. हे मेलबर्न-अ‍ॅडलेडची ओव्हरलँड गाडी एकट्यानं ओढायला म्हणून काढलं होतं, तीन बांधायची होती, पण युद्ध आलं, त्या लाइनवरचे पूल मजबूत करायचं काम राहिलं आणि इतक्या वजनाला ते पूल चालेनात. म्हणून एकच बांधलं आणि त्यानं आयुष्यभर वोडोंगाच्या बाजूलाच मालगाड्या ओढल्या. १९५८ ला बंद. म्हणजे ज्या कामासाठी जन्माला घातलं ते काम त्याला एक दिवसही मिळालं नाही, आणि इंजिन मात्र सगळे सांगतात की फार छान ओढायचं.

त्याच व्हिक्टोरियाचे एस क्लासचे चार पॅसिफिक (४-६-२ चाकांची इंजिनं) होते, १९३७ च्या स्पिरिट ऑफ प्रोग्रेस गाडीसाठी निळं स्ट्रीमलाइन कवच चढवलेले. चारही १९५४ पर्यंत भंगारात गेले, एकही ठेवला नाही. गाडीचे स्टीलचे एसी डबे मात्र बरेच वाचले, डबे पुढं डिझेललाही चालतात ना. लोक इंजिनाच्या प्रेमात पडतात पण वाचतं ते जे अजून कामाला येतं ते, हे इथं वारंवार दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो न्यूपोर्टमध्ये उभं राहूनच समजून घ्या. इंजिन जिवंत आहे का नुसतं ठेवलेलं हे पाटी न वाचता ओळखता येतं. चाकाच्या टायरचा रुळाला टेकणारा भाग बघा, चालतं इंजिन असेल तर तो आरशासारखा घासलेला असतो, उभ्या इंजिनाला तिथंही रंग मारलेला असतो किंवा तपकिरी गंज. मग कनेक्टिंग रॉडच्या टोकाला तेलाचे कप असतात त्यांची बुचं बघा, जागेवर आहेत का, त्याखाली तेलाचा ओघळ आहे का. फायरबॉक्सच्या म्हणजे आगीच्या पेटीच्या कोपऱ्यातले वॉशआउट प्लग (बॉयलर धुवायची बुचं) बघा, दर काही दिवसांनी उघडले जात असतील तर त्यांच्या चौकोनी डोक्याच्या कडा पान्यानं मारलेल्या दिसतात, रंगाखाली चिणलेले असतील तर समजायचं की वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही. तुम्ही शेडमधले, तुम्हाला हे सांगायची गरज नाही खरं, पण लेक-जावई बरोबर असतील तर त्यांना दाखवा, मजा येते.

आणि उभं का, तर नव्वद टक्के वेळा उत्तर बॉयलर हेच. फ्रेम, चाकं, सिलिंडर ही लोखंडाची कामं आहेत, वेळ आणि माणसं असली की होतात. फायरबॉक्सचं तसं नाही. आतली पेटी आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये काही इंच पाणी, आणि दोन्ही पत्रे शेकडो स्टेंनी म्हणजे आडव्या सळ्यांनी एकमेकांना बांधलेले. आग पेटली की आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा जास्त फुगतो आणि प्रत्येक वेळी ते स्टे थोडे थोडे वाकतात, असं हजारो वेळा झालं की वरच्या रांगांतले, कोपऱ्यांतले तुटायला लागतात. आम्ही आत बसून एकेक स्टे हातोडीनं वाजवतो, चांगला असला तर टणक आवाज येतो, तुटलेला बसका बोलतो. स्टेच्या टोकाला बारीक भोक पाडलेलं असतं, स्टे तुटला की त्यातून पाणी झिरपून खूण दाखवतं, आणि कोणी हुशारानं ते भोक रंगानं किंवा खिळ्यानं बुजवलेलं असलं की माझं डोकं फिरतं. मग अल्ट्रासॉनिकनं पत्र्याची जाडी मोजायची, खालच्या मडरिंगच्या (फायरबॉक्सच्या बुडाच्या चौकटीच्या) आसपास गाळ साचून पत्रा खाल्लेला असतो तिथं जाडी अर्ध्यावर आलेली निघाली की झालं, एकतर पत्रा कापून नवा लावा नाहीतर प्रेशर कमी करून घ्या नाहीतर इंजिन उभं करा. हायड्रॉलिक टेस्ट, मग स्टीम टेस्ट, मग इन्स्पेक्टरची सही. शिवाय बॉयलरवरच्या जुन्या लॅगिंगमध्ये (उष्णता धरायच्या वेष्टणात) अ‍ॅस्बेस्टस. इथले कायदे त्या बाबतीत फार कडक, परवानाधारक लोक बोलावून, सगळं बंदिस्त करून ते काढून घ्यावं लागतं, आणि तो खर्च इंजिनाला एक पानाही लागायच्या आधीचा.

३८०१ चं उदाहरण घ्या. न्यू साउथ वेल्सचं सगळ्यात लाडकं इंजिन, १९४३ चं, क्लाइड इंजिनिअरिंगनं बांधलेलं, पुढून बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं, बॉयलरचं प्रेशर दर चौरस इंचाला २४५ पौंड. १९७० ला सिडनी-पर्थ सलग स्टँडर्ड गेज झाल्यावर हे पर्थपर्यंत जाऊन आलं. ते २००७ ला बंद केलं, नवा बॉयलर जर्मनीत बनवून घेतला, तो २०१० ला आला, त्यात मापाचे दोष निघाले, परत पाठवला, आणि हे सगळं निस्तरून इंजिन पुन्हा प्रवासी घेऊन निघालं ते २०२१ ला. चौदा वर्षं. आणि यामागं राज्य सरकारचा पैसा होता. जिथं सगळा कारभार तिकिटांच्या गल्ल्यावर आणि सॉसेज विकून चालतो तिथलं काय होत असेल ते बघा.

पण माझं मत विचाराल तर हौस नाही हे कारण कमी वेळा असतं, आणि काही इंजिनं उभीच राहिलेली मला बरी वाटतात. चालतं ठेवायचं म्हणजे टायर नवे, ट्यूब नव्या, फायरबॉक्स नवा, केबमध्ये आजकालचा रेडिओ आणि सुरक्षेची उपकरणं, आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब केला तर मूळ कारागिरांच्या हातचं किती उरलं हा प्रश्न येतो. हेवी हॅरी जसं कामावरून आलं तसं उभं आहे, त्या वेळचे पत्रे, त्या वेळचे रिव्हेट, खालून बघितलं तर वर्कशॉपच्या माणसांनी मारलेल्या खुणा. ते चालवायचं म्हटलं तर आधी तेवढं वजन पेलणारी लाइन मिळवायची, तेवढ्या लांबीचं टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती) मिळवायचं. कशाला? आर क्लास आहेत की चालवायला. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं १९५१ पासून सत्तर बांधून पाठवली, वर्षभरात बी क्लासची डिझेल आली आणि ही कोवळ्या वयात बेकार झाली, त्यामुळं बॉयलर फार झिजलेले नव्हते. आर ७०७ आणि त्याची भावंडं न्यूपोर्टहून अधूनमधून फेऱ्यांना निघतात, तारखा बघून तिकीट काढा. त्यातलं आर ७६६ तर हंटर व्हॅलीत स्टँडर्ड गेजवर बदलून घेतलं, कारण हा क्लास बांधतानाच पुढं गेज बदलता यावं अशी सोय ठेवली होती.

न्यूपोर्टमधून निघायच्या आधी जी ३३ बघा, लोक हेवी हॅरीचे फोटो काढून तिच्यासमोरून निघून जातात. युद्धात घाईनं काढलेलं १०६७ गेजचं गॅरट (एका बॉयलरला दोन इंजिनं, पुढं सांगतो), अशी सत्तावन्न बांधली आणि उरलं हे एकच. ड्रायव्हर-फायरमनना हा क्लास अजिबात आवडला नाही, युनियननं भांडण केलं, रुळावरून उतरायचं, पुढच्या काही चाकांना फ्लँजच (चाकाला रुळावर धरणारी कड) नव्हती. पण वाईट डिझाइनसुद्धा एखादं ठेवलं पाहिजे, नुसती देखणी ठेवली तर इतिहास खोटा होतो.

गॅरटचं ऑस्ट्रेलियाशी नातं जुनं. हर्बर्ट गॅरट हा न्यू साउथ वेल्स रेल्वेसाठी इंग्लंडमध्ये इन्स्पेक्शनचं काम बघायचा, त्याची कल्पना अशी की बॉयलर मधल्या फ्रेमवर झोळीसारखा टांगायचा आणि पुढं-मागं दोन स्वतंत्र इंजिनं ठेवायची, म्हणजे बॉयलरखाली चाकं नाहीत, तो हवा तेवढा जाड आणि फायरबॉक्स हवा तेवढा खोल करता येतो, आणि वजन जास्त चाकांवर पसरल्यामुळं हलक्या रुळांवर, वळणांवर जड गाडी ओढता येते. बायर पीकॉकनं मँचेस्टरला पहिली दोन १९०९ ला टास्मानियासाठी केली, ६१० मिमी गेजची, आणि लगेच १९११ ला एक आपल्या दार्जिलिंगला आलं. बंगाल-नागपूर रेल्वेची अवाढव्य गॅरट नागपूरकडच्या जुन्या लोकांनी पाहिलेली असतील, त्या सगळ्या खानदानाचा मूळपुरुष टास्मानियाचा.

सिडनीला जाणार असाल तर थर्लमीरला गॅरट बघायला मिळतील. न्यू साउथ वेल्सचं रेल्वे म्युझियम, सिडनीपासून साधारण ९० किमी, पिक्टनपर्यंत लोकल आणि पुढं टॅक्सी. तिथं ६०२९ आणि ६०४० ही एडी ६० क्लासची दोन धूडं आहेत, १९५० च्या दशकातली, ४-८-४ अधिक ४-८-४, अडीचशे टनांच्या वर, तरी एका एक्सलवर सोळा टनांच्या आसपासच भार, यातच सगळं कौशल्य. ६०२९ कॅनबेराच्या मंडळींनी खपून २०१४ ला स्टीममध्ये आणलं होतं. मध्ये उभं राहून दोन्ही टोकांकडं बघा, फोटोत ते मावत नाही. थर्लमीर-बक्स्टन अशी छोटी फेरीही चालते, वर चढ चांगला आहे, इंजिनाचा आवाज ऐकायला तीच जागा.

सिडनीत अल्टिमोच्या पॉवरहाउस म्युझियमकडं लोकोमोटिव्ह नंबर १ आहे, रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीनं १८५४ ला बांधलेलं, १८५५ मध्ये सिडनी-पॅरामाटा लाइन सुरू झाली तेव्हाचं. तिथं मोठं नूतनीकरण काढलंय, त्यामुळं उघडलंय का ते आधी बघा. मला ते बघताना दरवेळी बोरीबंदर-ठाणे आठवतं. १८५३ ची आपली साहिब, सिंध, सुलतान, तिन्हींपैकी एकही आज नाही, आणि यांनी आपलं पहिलं इंजिन सेवेतून काढल्यावर जपून ठेवलं.

वेळ आणि पैसा असेल तर एक दौरा अ‍ॅडलेडचा कराच, पोर्ट अ‍ॅडलेडच्या नॅशनल रेल्वे म्युझियमसाठी. १६००, १४३५, १०६७ तिन्ही गेजच्या गाड्या एका छपराखाली, गेजचं प्रकरण पायाखाली बघता येतं. तिथलं ५०४ नंबरचं इंजिन म्हणजे अमेरिकेहून आणलेल्या रेल्वे कमिशनर वेबनं १९२० च्या दशकात या रेल्वेत जी उलथापालथ केली तिचा पुरावा, तोवरच्या इंजिनांपुढं ही म्हणजे राक्षस. पण मी तिथं जास्त वेळ घालवतो तो टी अँड शुगर या सामान पोचवणाऱ्या गाडीच्या डब्यांत. नलारबरच्या ओसाड पठारावरून १९१७ ला रेल्वे नेली, तिथं ४७८ किमी एकही वळण नसलेला रूळ आहे, जगात सगळ्यात लांब सरळ. रूळ सांभाळणाऱ्या गँगा मध्येच वस्ती करून राहायच्या, दुकान नाही, पाणी नाही, काही नाही. त्यांच्यासाठी ही गाडी निघायची, खाटिकाचा डबा, किराण्याचा डबा, पगाराचा डबा, पाण्याच्या टाक्या, आणि ती १९९६ पर्यंत चालली. खाटिकाच्या डब्यात मांस टांगायचे आकडे आणि कापायचा ओटा बघा, आणि मनात आणा की बाहेर चाळीसच्या वर तापमान आहे आणि गिऱ्हाईक आठवड्यातून एकदाच येणार आहे. इंजिनाच्या शेजारी असले डबे ठेवलेत म्हणून ते म्युझियम मला सगळ्यांत जास्त पटतं. मालडब्यांची तशीही आबाळच असते, मेंढ्या न्यायचे दुमजली डबे, गव्हाच्या चार चाकी उघड्या वाघिणी, लाखोंनी फेऱ्या केलेल्या या वस्तू, त्यांना कोणी देणगी देत नाही. लाकडी प्रवासी डब्यांचं वेगळं दुखणं, छपराचं कॅनव्हास फाटलं की पाणी आत मुरतं, आणि इथलं ऊन तर वॉर्निशची पापडी करून टाकतं, छप्पर नसेल तर डबा इंजिनाच्या आधी मरतो.

त्याच नलारबरवर वाफेचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. बोअरचं पाणी इतकं खारट की बॉयलर फेसाळायचा, ट्यूबवर खपली धरायची, ट्यूब गळायच्या, आणि पाणी वाहायला म्हणून गाडीलाच आणखी टाक्या जोडाव्या लागायच्या. म्हणून कॉमनवेल्थ रेल्वेनं १९५१ ला डिझेल येताच वाफ सोडायला सुरुवात केली. आपल्याकडं खारपट्ट्यातल्या शेडमध्ये काम केलेल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

अ‍ॅडलेडजवळच माउंट बार्कर ते व्हिक्टर हार्बर स्टीमरेंजरची गाडी आहे. १९९५ ला मेलबर्न-अ‍ॅडलेड लाइन स्टँडर्ड गेज केली आणि हा १६०० चा तुकडा बाकीच्या जाळ्यापासून तुटला, तिथली इंजिनं आता बेटावर अडकल्यासारखी तेवढ्याच रुळावर फिरतात.

पफिंग बिली ही मेलबर्नजवळची छोटी गाडी तुम्हाला लेक दाखवेलच, बेलग्रेव्ह ते जेमब्रूक २४ किमी, झाडीतून. गेज ७६२, म्हणजे आपल्या बार्शी लाइटचं आणि मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेचं. एनए क्लासची सतरा छोटी टँक इंजिनं होती, सहा उरली, सगळी तिथंच. १९५३ ला दरड कोसळून लाइन बंद पडली, लोकांनी १९५५ ला सोसायटी काढून ती १९६२ पासून परत सुरू केली, मुख्यतः स्वयंसेवकांच्या जोरावर. आपली शकुंतला बघून आलेल्या माणसाला इथं जरा वाईट वाटतं, एवढंच म्हणतो. एक लक्षात ठेवा, डिसेंबर-जानेवारीत टोटल फायर बॅन जाहीर झाला की वाफेचं इंजिन सुटत नाही, धुराड्यातली एक ठिणगी वाळक्या गवतात पडली तर डोंगर पेटतो. त्या दिवशी डिझेल लावतात. म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान बघा आणि शक्यतो थंड दिवसाचं तिकीट काढा, गरम दिवशी न्यूपोर्टला जा.

क्वीन्सलँडला जाणं झालं तर इप्सविचचं वर्कशॉप म्युझियम, १८६५ चं ए१० नंबर ६ तिथं, तेही चालतं ठेवलेलं. पर्थचं बॅसेन्डीन चांगलं आहे पण तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका. टास्मानियात क्वीन्सटाउनला दातेरी रुळाची अ‍ॅब्ट रेल्वे आहे, उटीच्या गाडीसारखीच पद्धत, तिथं वाफेची गाडी चालू असेल तर सोडू नका.

शेवटचं, हात लावायला मिळेल का. पाहुणा म्हणून आलात तर एखाद-दुसऱ्या शनिवारी गप्पा मारायला, शेड बघायला कोणी नाही म्हणणार नाही, उलट भारतात स्टीमवर काम केलेला माणूस आलाय म्हटल्यावर दोन म्हातारे फिटर तुम्हाला सोडणारच नाहीत. नियमित काम करायचं तर सभासदत्व, सुरक्षेचं इंडक्शन, बूट-चष्मा-जॅकेट, मेडिकल आणि वर्षानुवर्षांचा तुमचा अनुभव असला तरी सुरुवात साफसफाईपासून. आपल्याकडचं बॉयलरचं किंवा ड्रायव्हरचं सर्टिफिकेट इथं थेट चालत नाही, इथल्या पद्धतीनं परत पास व्हावं लागतं. ईमेलला उत्तर यायला आठवडे लागतात, सगळे आपापली नोकरी सांभाळून करतात. सरळ शनिवारी सकाळी जा, दहाच्या चहाला.